जीवनशिक्षण, प्राथमिक शाळेतील

स्वतःच्या शरीराची निगा राखणे, मनातले बोलून दाखवणे, सोबतच्यांशी न्यायाने वागणे आणि धोका ओळखून मदत मागणे या गोष्टी पहिली ते पाचवीच्या मुलांना शिकवणारा शालेय शिक्षणाचा भाग. इंग्लंडमध्ये तो वेगळा विषय मानला जातो. नातेसंबंधांचे शिक्षण तेथील सर्व प्राथमिक शाळांत सप्टेंबर २०२० पासून सक्तीचे आहे. महाराष्ट्रात या विषयाला स्वतंत्र तास नाही. सकाळचा परिपाठ, तिसरीपासूनचा परिसर अभ्यास, बालभारतीचे ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक आणि दुपारच्या जेवणाची पंगत यांत तो विखुरलेला आहे. वार्षिक परीक्षेत त्याची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नसते. त्यामुळे वर्गात तो किती उतरतो, हे बव्हंशी गुरुजी आणि बाई यांच्या ओढीवर ठरते.

‘जीवनशिक्षण’ हा शब्द मराठीत जुना आहे. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम पुढे आली. हाताने काम करत शिकायचे, हा तिचा पाया. खेड्यांतल्या कित्येक जुन्या शाळांच्या कमानीवर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ ही अक्षरे अजून दिसतात, ती त्याच विचाराची खूण. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर केलेले काम याहून लहान मुलांसाठी होते, पण या विषयाची खरी जडणघडण तेथे दिसते. मूल शाळेत येत नसेल तर शाळा पाड्याच्या अंगणात न्यायची, आणि अक्षरांच्या आधी आंघोळ, नखे, केस यांकडे पाहायचे. मुलाला न लाजवता स्वच्छता कशी शिकवावी, याचा इतका चांगला धडा महाराष्ट्रात दुसरा क्वचितच सापडेल.

सरकारी चौकट पुढे आली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा गाभाघटक दिले. १९९७ पासून राज्यातील शाळांत मूल्यशिक्षण सुरू झाले. श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, संवेदनशीलता, नीटनेटकेपणा अशी त्यातली दहा मूल्ये शिक्षकांना पाठ असत. अडचण पाठांतरातच होती. फळ्यावर सुविचार लिहिला, एकाने बोधकथा वाचली, की मूल्य शिकवून झाले असे वाटू लागले.

या चाकोरीतून बाहेर पडण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे ‘मूल्यवर्धन’. शांतिलाल मुथ्था यांच्या संस्थेने तो २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील ५०० शाळांत सुरू केला आणि पुढे राज्य शासनाबरोबर तो इतर जिल्ह्यांतील शाळांपर्यंत नेला. त्याचा आधार बोधकथा नव्हे, तर संविधानातील स्वातंत्र्य, समता, न्याय आणि बंधुता. मुले जोड्यांत आणि गटांत बसतात, बोलण्याची पाळी ठरवतात, वर्गाचे नियम स्वतः करतात. दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबणे, हा यातला सर्वांत साधा उपक्रम. चाळीस मुलांच्या वर्गात तोच सर्वांत अवघड जातो.

हा विषय प्रत्यक्षात कुठे अडतो, हे बीडच्या शेजारीच दिसते. बीडच्या आष्टी तालुक्याला लागून अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचा कर्जत तालुका आहे. त्यातले मिरजगाव हे नगर–सोलापूर महामार्गावरचे मोठे बाजारगाव. हा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात गावोगाव टँकरने पाणी पुरवावे लागले. अशा भागात ‘जेवणापूर्वी साबणाने हात धुवा’ हा पाठ शिकवताना आधी नळाला पाणी लागते. शिक्षण हक्क कायद्याने पिण्याचे सुरक्षित पाणी आणि मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे प्रत्येक शाळेसाठी बंधनकारक केली आहेत. ती सोय हाच या विषयाचा पहिला धडा मानायला हवा. पुस्तकातला हात धुणारा मुलगा आणि शाळेतला कोरडा नळ यांतून मुलगी एवढेच शिकते की पुस्तकातले खरे नसते.

शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. जुलाब लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, हे त्या शेजारणीला शेजारणीच्या भाषेत सांगत. शाळेतल्या आरोग्यशिक्षणाला हाच वस्तुपाठ घेता येतो. या भागात घरातली मोठी बाई सकाळी मशेरी लावताना मुले पाहतात. शाळेच्या १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे. घरातल्या मशेरीच्या डबीला ती लागू नाही. वर्गात तंबाखूविषयी बोलताना मुलाच्या आजीचा अपमान होणार नाही, हे बाईंना सांभाळावे लागते.

ऊसतोडीचा हंगाम हा आणखी एक पेच. दिवाळीच्या सुमारास कोयत्यावर जाणाऱ्या कुटुंबांतली मुले महिनोन्‌महिने शाळेबाहेर असतात. फेब्रुवारीतल्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी, शालेय आरोग्य तपासणी, वर्गातले धडे हे सारे त्यांच्या गैरहजेरीत होऊन जाते. नातेवाइकांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहिलेल्या मुलांना आईवडील जवळ नसताना मदत कोणाकडे मागावी, हे माहीत असणे तर फारच गरजेचे.

शरीराची सुरक्षितता हा या शिक्षणाचा सर्वांत नाजूक भाग. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा (पोक्सो) १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांत सखी सावित्री समित्या नेमण्याचा निर्णय राज्यात २०२२ मध्ये झाला. वर्गात ‘गुड टच, बॅड टच’ हे शब्द आता रुळले आहेत. तरी खरी अडचण मराठीतली आहे. घराघरांत अवयवांना लाडाची किंवा लाजेची नावे असतात, आणि बाहेर ती उच्चारायची नसतात. ज्याला नावच नाही, त्याविषयी मूल तक्रार कशी करणार? म्हणून नाक, गुडघा यांच्याच सुरात ‘शू करायची जागा’ हे शब्द पहिलीपासून वर्गात यायला हवेत. दुसरी अडचण संस्कारांची. ‘मोठ्यांना उलट बोलू नये’ हे आपण मुलांना लहानपणापासून सांगतो, आणि त्याच मुलाने ओळखीच्या मोठ्या माणसाला ‘नको’ म्हणावे अशी अपेक्षा ठेवतो. ‘नाही म्हण, तिथून निघ, विश्वासाच्या माणसाला सांग’ ही तीन वाक्ये आणि मुलांसाठीचा १०९८ हा मदतक्रमांक मुले लवकर शिकतात. ती ऐकून घ्यायला आई, मामा, आजोबा तयार व्हावे लागतात. पालकसभेत हा विषय आधी मांडणाऱ्या शाळांना वर्गात तो सोपा जातो.

शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. छडी हातात धरून ‘तुझ्या शरीरावर तुझा हक्क आहे’ हे सांगता येत नाही. हे शिकवायला वेळही लागतो. २०२४ मध्ये राज्याने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. दप्तर बाजूला ठेवून योग, रस्ता सुरक्षा, आरोग्य, आपत्तीतली काळजी यांना त्यात जागा आहे. महामार्गालगतच्या मिरजगावात रस्ता ओलांडण्याचा सराव प्रत्यक्ष रस्त्याच्या कडेला, गुरुजींचा हात धरून, घेता येतो.