दहाला सहा: एक तार आणि पॅसिफिकचं भांडण

आज जाऊया नोव्हेंबर १९२१ मध्ये, वॉशिंग्टनला. महायुद्ध संपून तीनच वर्षं झालीत आणि अमेरिका, ब्रिटन, जपान पुन्हा युद्धनौका बांधत सुटलेत. खर्च कुणालाच झेपत नाहीये, म्हणून परिषद भरलीये. अमेरिकेचं म्हणणं, मोठ्या युद्धनौकांचं प्रमाण ५:५:३ ठेवा. यातले तीन जपानचे. म्हणजे अमेरिकेच्या दहाला जपानचे सहा.

जपानला हवे होते सात. एका आकड्यासाठी एवढं काय? तर जपानी नौदलाचा हिशोब असा, की महासागर ओलांडून हल्ला करणाऱ्याला दीडपट ताकद लागते. दहाला सात असेल तर अमेरिका जेमतेम १.४३ पट. दहाला सहा झालं की १.६७ पट. संपलं!

आता खरी गंमत. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट यार्डलीचं गुप्त ऑफिस जपानी तारा फोडत होतं. टोकियोनं आपल्या प्रतिनिधींना कळवलं, ताणून धरा, पण अगदीच नाइलाज झाला तर सहावर या. ही तार अमेरिकेनं वाचली. तीन पत्तीत समोरच्याची पानं दिसत असतील, तर कोण पॅक करेल?

पण सगळं श्रेय हॅकिंगला देऊ नका, हे मी इंजिनिअर असून सांगतोय. जपानचे नौदलमंत्री काटो तोमोसाबुरो यांना कळत होतं की पैशाच्या शर्यतीत अमेरिकेपुढे आपण टिकणार नाही. बदल्यात त्यांनी फिलिपिन्स आणि ग्वाममध्ये नवी तटबंदी होणार नाही, हे पदरात पाडून घेतलं. सौदा वाईट नव्हता. त्यांच्याच शिष्टमंडळातले काटो कानजी मात्र भडकले. आडनाव एकच, मतं उलटी!

मग आली १९२९ ची मंदी. अमेरिकेत जाणाऱ्या जपानी रेशमाचे भाव कोसळले, खेड्यातले शेतकरी रस्त्यावर आले. १९३० मध्ये लंडनला पुन्हा नौदल करार झाला, आणि तो करणारे पंतप्रधान हामागुची यांना टोकियो स्टेशनवर गोळी घातली गेली. १९३१ मध्ये, ऑफिस बंद पडून बेकार झालेल्या यार्डलीनं पुस्तक लिहून सगळं फोडलं. जपानी अनुवाद धडाधड खपला. 'आपली पानं बघून खेळले' हे आता घराघरात पोचलं होतं.

डिसेंबर १९३४ मध्ये जपाननं करार मोडत असल्याची नोटीस दिली. १९३८ मध्ये नागासाकीत 'मुसाशी' ही अजस्र युद्धनौका बांधायला घेतली, तीही दोरखंडांच्या पडद्याआड लपवून. त्यासाठी इतका दोर लागला की मच्छीमारांना जाळ्यांसाठी मिळेना.