घर मोडते कसे, उभे राहते कसे

नैसर्गिक आपत्ती म्हटली म्हणजे पडलेल्या भिंती व वाहून गेलेली छपरे आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस बारामती व इंदापूर या तालुक्यांत घर मोडण्याची रीत निराळी आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या प्रदेशात पाऊस वर्षास वीस इंचांच्या आसपास; तोही चुकला की भिंती जागच्या जागी राहतात, पण जनावरे बाजारात जातात, दाराला कडी लागते आणि कुटुंब परमुलखाची वाट धरते. असे घर पुन्हा उभारावयाचे तर आधी पाणी आणावे लागते. ते काम कोणाच्या हातून व्हावे, याचा थोडा विचार आम्ही येथे योजिला आहे.

सन १८७६–७८ च्या भीषण दुष्काळात सरकारने नीरेच्या डाव्या कालव्याचे काम काढले. उपाशी कुणबी स्वतःच्याच मुलखासाठी कालवा खणू लागला. पण त्या कामात त्याला शब्द नव्हता. सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी उतरवून दिवसाचे एक पौंड धान्य व वर थोडे पैसे इतकी ठरविली, तेव्हा १८७७ च्या आरंभी दक्षिणेतील हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली, गावोगावची माहिती मिळवून सरकारपुढे ठेविली. आपल्याकडील संघटित लोकसेवेचा हा एक आरंभच म्हणावयाचा. पुढे कालव्यास पाणी आले व त्याच्या काठी ऊस उभा राहिला. पण जेथे पाट पोहोचला नाही, तेथील कोरडवाहू गावांचे हाल तसेच राहिले.

त्यानंतर नव्वदएक वर्षांनी बारामतीच्या या जिरायती पट्ट्यात निराळा प्रयोग झाला. ख्रिस्ती मंडळींच्या ‘कासा’ या मदत संस्थेकडून आलेले धान्य मजुरीदाखल देऊन गावकऱ्यांनी पाझर तलाव बांधले. त्यातूनच १९७१ मध्ये डॉ. अप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने कृषी विकास प्रतिष्ठान उभे राहिले. खणणाराही गावचा आणि विहिरीस पाझर फुटल्यावर हरखणाराही गावचाच, हे या कामाचे वैशिष्ट्य होय. याच काळात, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्र १९७२ च्या अवर्षणाने होरपळला आणि १९७३ मध्ये ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हेच या योजनेच्या शिबिरांचे ब्रीद ठरले. कॉलेजातील मुलामुलींनी कुदळ व घमेले हाती घेतले.

आता खरोखरच भिंती कोसळल्या तेव्हाचे पाहू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील माळवदे निजलेल्या माणसांवर पडली. सुमारे आठ हजार जीव गेले. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे भक्कम होती. पण सरळ रेषेत आखलेल्या त्या रुंद रस्त्यांवर जुन्या गल्लीची शेजारधर्माची ऊब पुष्कळांस सापडेना. उलट ज्या गावांत घरधन्यांनी सरकारी साहाय्याने आपलीच घरे दुरुस्त व मजबूत करून घेतली, तेथे माणसे आपल्या जागी, आपल्या शेजाऱ्यांत राहिली. शिवाय भिंत कशी बांधली असता टिकते, हे ज्ञानही गावातच राहिले.

याचा अर्थ परक्याने हातभार लावू नये, असा मुळीच नाही. ज्या घरात कर्ता पुरुष गेला, जेथे केवळ वृद्धा व लेकरे उरली, तेथे स्वयंसेवकाने स्वतःच भिंत रचली पाहिजे. परंतु शिबिर सात दिवसांचे आणि घर तीन पिढ्यांचे, हे त्याने विसरू नये. चूल कोठे मांडावी, गोठा कोणत्या अंगास असावा, हे घरच्या बाईस विचारून मग पाया आखावा. पाहुणा गेल्यावर पावसाळ्यात घर गळू लागले, तर ते शाकारणारे हात घरातलेच असावयाचे. त्या हातांस बळ देऊन जो निघून येतो, त्याचीच सेवा आम्ही सफल मानतो.