डहाणूची डाय: छिन्नी की कटर?

डहाणूचा चिकू सगळ्यांना ठाऊक. पण चिंचणी-वरोरकडच्या घरांतलं डायमेकिंग? दागिन्याची नक्षी पोलादात उलटी कोरतात, तो ठसा म्हणजे डाय. हे मूळचं छिन्नी-हातोडीचं काम. आता छिन्नीच्या जोडीला सीएनसी मशीनचा मिलिंग कटर आलाय.

या कटरचाही इतिहास आहे. १८६४ मध्ये अमेरिकेत जोसेफ ब्राउनने असा कटर काढला, की धार लावली तरी दातांचा आकार तोच राहायचा. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट यांचं हायस्पीड स्टील लालबुंद होऊनही लोखंड कापत होतं. १९२० च्या दशकात जर्मनीतून टंगस्टन कार्बाइड आलं: जास्त कडक, पण ठिसूळ.

मग निवडायचा कसा? सपाट तळाला सपाट टोकाचा, वळणदार नक्षीला गोल टोकाचा. कटर जितका बारीक आणि होल्डरबाहेर जितका लांब, तितका तुटायची भीती जास्त.

आणि एक गोष्ट १८६४ पासून बदललेली नाही. फिरणारा कटर आतल्या उभ्या कोपऱ्यात स्वतःची गोलाई सोडतोच. तो कोपरा धारदार हवा असेल, तर शेवटी छिन्नी कामी येते. म्हणून मला वाटतं, मशीन जरूर शिका. पण घरात कुणी छिन्नी धरणारं असेल, तर आधी त्यांच्याशेजारी बसा.