शके 1884 चा यज्ञ आणि अगुंगचा अग्नि

गुढीपाडव्याच्या सकाळीं आपल्या घरीं पंचांगाची पूजा होते, कडुनिंबाचें पान चघळलें जातें आणि शालिवाहन शकाचा आंकडा एकानें पुढें सरकतो. आपल्या आळींत अशी वर्दळ असते, बहुधा त्याच सुमारास दूर पूर्वसमुद्रांतील बाली बेटावर मात्र रस्त्यांत चिटपाखरूं दिसत नाहीं. चूल पेटत नाहीं, दिवा लागत नाहीं. काम नाहीं, प्रवास नाहीं, करमणूक नाहीं. या मौनाच्या दिवसास तेथें 'न्येपी' म्हणतात. तोहि वर्षारंभच, आणि त्या वर्षाचा आंकडाहि आपलाच, शकाचा. जावांतील चंगल येथील शिलालेखावर शके 654 (इ. स. 732) हा काळ कोरलेला आहे, यावरून हा शक त्या बेटांत किती जुना रुजला आहे हें कळेल. पैठणच्या शालिवाहनाशीं तेथील लोकांस कांहीं कर्तव्य नाहीं. आंकडा मात्र त्यांनीं निष्ठेनें जपला आहे. या आंकड्यावरूनच एकदां एका यज्ञाविषयीं मोठा वाद उठला, आणि त्या वादांत साक्षीला उभा राहिला तो एक पर्वत.

त्या पर्वताचें नांव गुनुंग अगुंग. गुनुंग म्हणजे पर्वत, अगुंग म्हणजे थोर. उंची सुमारें 3,000 मीटर. बालींत याहून उंच शिखर नाहीं. हा जागृत ज्वालामुखी आहे, पण बाली मनुष्याच्या लेखीं त्याची ही ओळख अगदीं दुय्यम. त्याच्या दिशा मुळीं या पर्वतावरूनच ठरतात. 'काजा' म्हणजे पर्वताकडची दिशा आणि 'केलोद' म्हणजे समुद्राकडची. बेटाच्या दक्षिणेस राहणाऱ्याचा काजा उत्तरेस पडतो, तर उत्तर किनाऱ्यावरच्या माणसाचा तोच काजा दक्षिणेस! होकायंत्र घेऊन जाणारा परका माणूस येथें हटकून गोंधळतो. पर्वताकडे देव, समुद्राकडे भुतें आणि मधल्या पट्ट्यांत माणसें, अशी ही विश्वाची वाटणी आहे. घरांतील देवस्थानाचा कोपरा पर्वताकडे आणि निजतांना उशीहि तिकडेच.

असा पर्वत बेटावर आला कोठून? 'तंतु पंगेलरन्' या जुन्या जावी गद्यग्रंथांत अशी कथा आहे कीं, जावा बेट समुद्रांत डळमळत होतें, म्हणून देवांनीं जंबुद्वीपांतून महामेरु उचलून तेथें नेला. प्रथम तो पश्चिमेस ठेवला, तों बेट तिकडे कलंडलें. मग पूर्वेस नेतांना वाटेंत त्याचे तुकडे गळून पडले, त्यांचे डोंगर झाले. बालींत सांगतात कीं, पशुपतीनें त्याच महामेरूचा अंश बालीवर आणून स्थापिला आणि आपलीं अपत्यें तेथील शिखरांवर पाठविलीं. अगुंगवर महादेव पुत्रजय राहिला, तर बातुरच्या सरोवरावर देवी दानु. हिमालयाच्या पायथ्याशीं वाढलेली कल्पना ज्वालामुखीच्या देशांत गेली आणि तेथें तिला धूर फुटला, असेंच म्हटलें पाहिजे.

अगुंगच्या नैऋत्य उतारावर बेसाकी हें मंदिरांचें क्षेत्र आहे. बालीचे हें आद्य देवस्थान. लहानमोठीं वीसांहून अधिक मंदिरें पायऱ्यापायऱ्यांनीं वर चढत गेलेलीं, त्यांवर गवती छपरांचे 'मेरु', कांहीं तर अकरा छपरांचे. ही जागा शोधली ती मार्कंडेय ऋषीनें, असें परंपरा सांगते. जावांतून तो अनुयायी घेऊन आला. अरण्य तोडतांना रोगराईनें पुष्कळ लोक मेले. तेव्हां परत जाऊन तो पुन्हां आला आणि प्रथम भूमींत पंचधातु पुरून मग तिला हात लावला. बेसाकी या नांवाचा संबंध बासुकीशीं, म्हणजे आपल्या वासुकि नागाशीं लावतात. या नागाची जी कथा तेथें घरोघर सांगतात, ती मला फार आवडते. सिद्धिमंत्र नांवाचा जावी ब्राह्मण घंटा वाजवून नागाला दूध देई आणि नाग त्याला सोनें देई. त्याचा पुत्र माणिक अंगकेरन् हा अट्टल जुगारी. त्यानें बापाची घंटा चोरली, बेसाकीला जाऊन सोनें मिळविलें आणि वर लोभानें नागाच्या शेपटींतील रत्नासाठीं शेपटीच तोडली. नागानें त्याला जाळून भस्म केलें. बाप धांवत आला; त्यानें शेपटी जोडून दिली, मुलगा जिवंत करून घेतला आणि तेथेंच नागाच्या सेवेस ठेवला. मुलानें पुन्हां घराकडे येऊं नये म्हणून परततांना त्यानें काठीनें जमिनीवर रेघ ओढली, तिची जावा व बाली यांमधील सामुद्रधुनी झाली. पर्वताखालीं धन आहे आणि अग्निहि आहे. घेणाऱ्यानें आपला हात कोठें थांबवावा एवढाच प्रश्न!

आतां त्या यज्ञाकडे येऊं. रुद्राची एकादष्णी आपल्यापैकीं पुष्कळांनीं घरीं ऐकली असेल. बालींत एकादश रुद्र म्हणजे आठ दिशा, ऊर्ध्व, अधर आणि मध्य अशा अकरा स्थानींचे उग्र देव. त्यांना शांत करून पुन्हां कल्याणकारी करावयाचें, यासाठीं 'एक दस रुद्र' हा महायज्ञ. त्यांत नाना प्रकारच्या पशुपक्ष्यांचे बळी असतात. शकाचें शतक पुरें होतांना तो करावा असा संकेत. मात्र देशावर घोर संकट आलें तर आधींहि करतां येतो, अशी सोय आहे. 1963 सालीं, म्हणजे शके 1884 मध्यें, हीच सोय पुढें करून तो योजला गेला. महायुद्ध, क्रांति, दुष्काळ यांनीं लोक गांजलेले होते, हें खोटें नव्हे. हा यज्ञ डोळ्यांनीं पाहिलेलें माणूस मात्र बेटावर कोणी उरलें नव्हतें.

तयारी चालू असतांनाच 18 फेब्रुवारीस अगुंग जागा झाला. त्यापूर्वींचा त्याचा उद्रेक 1843 मधील. एकशेंवीस वर्षांच्या शांततेनें लोक त्याचा आवाज विसरले होते. उत्तर उतारावरून तप्त रस वाहूं लागला, बेसाकीवर राख पडूं लागली. पुजाऱ्यांपुढें पेंच पडला. आरंभिलेला यज्ञ सोडावा तर रुद्र खवळणार, चालवावा तर पर्वत स्पष्ट नको म्हणतो आहे. शेवटीं 8 मार्चला मुख्य विधि पार पडला. नऊ दिवसांनीं, 17 मार्चला, पर्वत फुटला. धगधगत्या वायूचे व राखेचे लोट दऱ्यांतून खालीं उतरले आणि गांवेंच्या गांवें गाडलीं गेलीं. 16 मे रोजीं पुन्हां तसेंच झालें. मेलेल्यांची संख्या हजाराहून बरीच अधिक. जमिनी राखेखालीं गेलेल्या हजारों कुटुंबांस पुढें परक्या बेटांवर जाऊन वसावें लागलें. उंच हवेंत गेलेल्या गंधकाच्या धुक्यानें सर्व जगाच्या तपमानांत किंचित् घट झाल्याचें शास्त्रज्ञांनीं मोजलें आहे.

बेसाकी मात्र वांचलें. लोट आजूबाजूच्या दऱ्यांतून गेले, देवळें उभीं राहिलीं.

याचा अर्थ काय, यावर बालींत दोन मतें झालीं. एक म्हणे, काळ चुकला. शतक भरण्यास सोळा वर्षें असतां मनुष्यानें देवांची घाई केली, त्याचें हें शासन. दुसरें म्हणे, देवांनीं सामर्थ्य दाखविलें, पण आपलें घर राखलें; कोपांतहि कृपा आहे. 1965 च्या अखेरीपासून राजकीय कत्तलींत बालींत सहस्रावधि माणसें मारलीं गेलीं, तेव्हां पहिल्या मताला अधिकच जोर चढला. मला स्वतःला असें वाटतें कीं, भूगर्भांतला रस कांहीं पंचांग पाहून वर येत नाहीं, आणि मुख्य विधीच्या आधींच धूर निघाला होता हेंहि विसरूं नये. पण राखेंतून आपलें मूल उकरून काढणाऱ्या बापाला हा युक्तिवाद ऐकविण्याचें धैर्य कोणाला होईल? त्याला 'कां' हवें होतें. 'कसें' पुरेसें नव्हतें. 1917 च्या भूकंपांत बेसाकीची पडझड झाली होती, तेव्हांहि विधींची हेळसांड झाली हेंच उत्तर लोकांनीं स्वतःस दिलें होतें.

म्हणून शके 1900 भरतांच, 1979 च्या मार्चांत, तोच महायज्ञ पुन्हां करण्यांत आला. पूर्वींचा अपुरा ठरला असें मानून, या वेळीं आंकडा बिनचूक पाहून. लोक लोटले, बळी दिले गेले, आणि अगुंग स्वस्थ राहिला. 2017 च्या सप्टेंबरांत तो पुन्हां गुरगुरूं लागला, तेव्हां भूकंपमापकांच्या सूचनेवरून लाखाहून अधिक लोक आधींच हलविले गेले. नोव्हेंबरांत राखेनें विमानें थांबलीं. पर्वताला नैवेद्य दाखविणें त्या दिवसांतहि थांबलें नाहीं. यंत्र आणि नैवेद्य यांत त्यांना विरोध दिसला नाहीं.

शके 2000 इ. स. 2079 च्या मार्चांत संपेल. त्या अमावास्येस बेसाकीला पुन्हां एकादश रुद्रांची मांडणी होईल, आणि दुसऱ्या दिवशीं तिकडे चुली विझलेल्या असतील.