पातेल्याचे नवेपण

आपल्या जुन्या गृहस्थीत भांडे हे एकदा विकत घेतले की संपले, असे प्रकरण नव्हते. लग्नात आलेले तांब्याचे तपेले, सासूकडून सुनेच्या हाती आलेली पितळेची पातेली आणि पराती ही पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात नांदत. आणि तरीही दिवाळीच्या किंवा घरातील एखाद्या मंगलकार्याच्या आधी ती सगळी फिरून नवी होऊन फडताळावर चढत. हे नवेपण आणायला पेठेत जावे लागत नसे. ते दारावर चालत येई, आणि ते घेऊन येणारा कारागीर म्हणजे कल्हईवाला. आपल्यापाशी आहे त्याच वस्तूचा पुनःपुन्हा नव्याने उपभोग घेण्याची ही एक समाजमान्य रीतच होती, आणि तिचे मोल आपल्या इतिहासलेखकांनी पुरेसे ओळखलेले नाही, असे मला मनापासून वाटते.

तिच्या मुळाशी अर्थातच गरज होती. तांब्या-पितळेच्या उघड्या भांड्यात चिंचेची आमटी किंवा ताकाची कढी ठेवली की ती कळकते, तिला हिरवट कळा येते आणि ती पोटात गेल्यास अपाय होतो. कथलाचा पातळ लेप हा त्यावरचा उपाय फार प्राचीन आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात असे नमूद करून ठेवले आहे की, कथील चढवलेल्या तांब्याच्या भांड्यात अन्नाला रुची अधिक येते आणि जंगाचे विष धरत नाही. आपल्याकडे या विषयाचे धागेदोरे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी मोठ्या चिकाटीने जुळवले. केळदीचा राजा बसवप्पा नायक याच्या 1699 च्या सुमाराच्या ‘शिवतत्त्वरत्नाकर’ या संस्कृत ग्रंथात पाकशास्त्राच्या ओघात कल्हईच्या लेपाचा निर्देश येतो. हा बसवप्पा म्हणजे जिंजीच्या वाटेवर राजाराम महाराजांना आश्रय देणाऱ्या राणी चेन्नम्मेचा दत्तक पुत्र, हे मराठी वाचकास मुद्दाम सांगावेसे वाटते. त्याहून शंभर वर्षे आधी अबुल फजलाने ‘आइन-इ-अकबरी’त लिहिले आहे की, बादशहाच्या मुदपाकखान्यातील तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोन वेळा आणि शहाजाद्यांच्या भांड्यांना एक वेळ कल्हई होत असे. ज्याच्या खजिन्याला अंत नव्हता त्या बादशहाच्या घरीही भांडे जुने झाले म्हणून टाकून देत नसत, आणि मोडलेच तर ते तांबटाकडे जाऊन त्याच तांब्याचे दुसरे भांडे घडे.

प्रत्यक्ष काम पाहण्याजोगे असे. आळीच्या कोपऱ्यावर जमिनीत हातभर खळगा खणून, त्यात कोळसे पेटवून, चामड्याच्या भात्याचे तोंड मातीखालून त्या खळग्याशी आणलेले असे. बरोबरचा पोऱ्या मोठ्या पातेल्यात वाळू आणि फडके टाकून, स्वतः त्यात उभा राहून, भिंतीचा आधार घेत, कमरेपासून अर्धवट गिरक्या घेत पायांनी ते घासून काढी. मग भांडे निखाऱ्यांवर चढे. ते योग्य तेवढे तापले की नाही हे कारागीर रंगावरून ओळखी. लगेच नवसागराची पूड आत पडे, पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि तो उग्र वास नाकात शिरून डोळ्यांत पाणी आणी. नवसागराने धातूवरची जळकट पुटे निघून जातात आणि कथलाला धरायला स्वच्छ अंग मिळते. त्याच क्षणी कथलाची कांडी तापल्या अंगावर दोन-तीन ठिकाणी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले थेंब सर्वत्र फिरवायचे. आणि पाहणाऱ्याच्या देखत काळवंडलेल्या पातेल्याच्या तळापासून काठापर्यंत रुपेरी झळाळी पसरत जाई. शेवटी सांडशीत धरलेले भांडे पाण्यात बुडे आणि चर्रकन आवाज होई. एवढे थोडे कथील एवढ्या मोठ्या अंगावर सारखे पसरवणे हे त्या हाताचे खरे कसब होते.

बारा बलुत्यांच्या यादीत या कारागिराचे नाव नाही. त्याला वतन नव्हते, की सुगीच्या खळ्यावर त्याचा हक्क नव्हता. भांडी मोजायची, दर ठरवायचा आणि रोख घेऊन पुढच्या गावी जायचे, अशी त्याची फिरती उपजीविका होती. तांबटांची गोष्ट निराळी. पेशवाईत कोकणातून पुण्यास येऊन कसब्यात स्थिरावलेल्या तांबटांची आळी आजही ठोक्यांच्या नादावरून ओळखता येते. तांबट भांडे एकदा घडवी. कल्हईवाला ते पुढे पन्नास वर्षे वापरात ठेवी.

कल्हई होऊन आलेली भांडी गृहिणी एकेक करून ओळखून घेई, आणि ती ओळख बाहेरच्या अंगावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या नावावरून पटे. आजोबांचे नाव, देणाराचे नाव, कधी लग्नाची मिती. आतले अंग दरवर्षी बदले, बाहेरचे नाव तेच राही. पाहुण्यांपुढे नवी खरेदी मिरवण्यात जे समाधान मानले जाते त्याहून हे समाधान गाढ होते असे मी म्हणेन, कारण त्यात जुन्या माणसांची सोबत होती.

पुढे स्टेनलेस स्टील आले. त्याला कल्हई लागत नाही, ते कळकत नाही, आणि गृहिणीचे कष्ट त्याने वाचवले, हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. परंतु पितळ मोडीत गेले आणि भाता थंडावला. अलीकडे काही घरांत माळ्यावरची पातेली पुन्हा खाली उतरू लागली आहेत, याचा मला मोठा आनंद आहे. ज्यांच्याकडे अशी असतील त्यांनी कल्हईवाल्याला शुद्ध कथीलच घालण्यास बजावावे, कारण स्वस्ताईसाठी मिसळलेले शिसे हे विष आहे. शिवाय कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून असे पातेले रिकामे असताना आचेवर कधीही ठेवू नये. आधी पाणी किंवा तेल घालावे, मग चूल पेटवावी, आणि ढवळायला लाकडी डाव घ्यावा.