रोल घरी धुताना

"रोल धुवायला टाकलाय" असं आपण म्हणायचो, आठवतंय? लहानपणी मला वाटायचं, फोटोवाला खरंच साबण लावून धूत असणार. गेल्या मे महिन्यात मालवणला आजीच्या स्वयंपाकघरात स्वतः ब्लॅक अँड व्हाइट रोल धुवायला घेतला, तेव्हा कळलं की शब्द फारसा चुकीचा नव्हता. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. उजेड लागलेल्या कणांची डेव्हलपर चांदी करतो, उरलेले क्षार हायपो विरघळवतो, मग पाण्याने खळखळून धुवायचं. झालं.

आजी दारातून म्हणाली, "काय रे, ह्यां काय शिजवतंस?"

प्रश्न बरोबर होता. आपला सिनेमासुद्धा घरातच शिजलाय.

१९१२च्या फेब्रुवारीत दादासाहेब फाळके विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कच्च्या फिल्मच्या कडेला तेव्हा भोकं नसायची, ती आपणच पाडायची. दादरच्या घरी, अंधारात, हे काम शिकल्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. पुढे रसायनं कालवणं आणि फिल्म धुणंही त्यांच्याकडे आलं. सुरुवातीला दोघांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून एक छोटी फिल्म केली. ती दाखवून पैसे उभे राहिले, तरी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. वर साठ-सत्तर माणसांच्या युनिटचा स्वयंपाक!

३ मे १९१३ला गिरगावात कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाला उभं केलं, हा किस्सा सगळ्यांना माहीत असतो. पण त्या सिनेमाची फिल्म एक बाई धूत होती, हे कितीजण सांगतात?

आता माझं ऐका. डेव्हलपर साधारण २० अंशांवर हवा, आणि मेमध्ये मालवणात विहिरीचं पाणीही तेवढं गार नसतं. बंदरावरून मासळीचा बर्फ आणला, बाटल्या बादलीत बुडवून ठेवल्या. सरस्वतीबाईंच्या काळची फिल्म लाल रंगाला जवळपास आंधळी असायची, त्यामुळे लाल दिव्यात काम करता यायचं. आजच्या फिल्मला सगळे रंग दिसतात, म्हणून पूर्ण काळोख. काळोखात रोल टाकीत भरला, झाकण लावलं, दिवा लावला. म्हटलं, अवघड भाग संपला.

दोन्ही बाटल्या सारख्याच. मी आधी हायपो ओतला.

डेव्हलपरच्या आधी हायपो म्हणजे सगळेच क्षार साफ, चित्रासकट. रोल बाहेर काढला तर काचेसारखा पारदर्शक! हापिसात चुकलं तर बॅकअप असतो, इथे कंट्रोल-झेड नाही. त्या रोलवर जुन्या पडवीचे फोटो होते, आणि पडवी त्याच आठवड्यात उतरवली होती.

दुसरा रोल नीट आला. त्यात आजी आहे, विहिरीपाशी, वाळत घातलेल्या आमसुलांसकट. पडवी मात्र गेली ती गेलीच.

असो. मोबाईलवर एका दिवसात दोनशे फोटो काढणाऱ्या मला, दागिने गहाण पडलेले असताना एकेक फूट फिल्म धुणाऱ्या त्या बाईंबद्दल आता वेगळाच आदर वाटतो. तुम्ही करून बघणार असाल तर जरूर बघा. फक्त बाटल्यांवर आधी मोठ्ठ्या अक्षरात नावं लिहा.