लाँग व्हेकेशन
लाँग व्हेकेशन ही फुजी टीव्ही वाहिनीवर १९९६ मध्ये एप्रिल ते जून या काळात दर सोमवारी रात्री प्रसारित झालेली ११ भागांची जपानी मालिका आहे. तिचे लेखन एरिको कितागावा यांनी केले असून ताकुया किमुरा व तोमोको यामागुची यांच्या प्रमुख भूमिका आहेत.

कथानक
लग्नाच्या दिवशीच वर नाहीसा झाल्याने तिशीतील मॉडेल मिनामी वधूवेषातच त्याच्या घरी धावत जाते. तेथे तिला आत्मविश्वास हरवलेला पियानोवादक सेना भेटतो. नाइलाजाने एकत्र राहणारे हे दोघे हळूहळू परस्परांचा आधार बनतात. काहीच मनासारखे घडत नसेल, तर त्या काळाला देवाने दिलेली दीर्घ सुट्टी मानावे, हे शीर्षकाचे सूत्र आहे. अखेरीस सेना पियानोवादनाची स्पर्धा जिंकतो.

प्रतिसाद
शेवटच्या भागाचे प्रेक्षकमान ३६.७ टक्के होते.